बत्तीस प्रश्नांची धर्मपरीक्षा

वॉशिंग्टनच्या प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०१९ साली अमेरिकेतील १०,९७१ प्रौढांना जगातील धर्मांविषयी ३२ प्रश्न विचारले आणि त्यांपैकी १५ प्रश्नांची एक छोटी चाचणी आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य ठेवली. ती सोडवायला दहा मिनिटेही पुरतात, आणि शेवटी आपले गुण अमेरिकी नागरिकांच्या गुणांशेजारी मांडलेले दिसतात. मी आधी ही चाचणी दिली, मग मूळ अहवाल उघडून उरलेले प्रश्न वाचले आणि त्यानंतर याच संस्थेने २०१० साली घेतलेल्या अशाच सर्वेक्षणाचे प्रश्नही पाहिले. हे परीक्षण या सगळ्या सामग्रीचे आहे, कारण अहवालाशिवाय नुसती चाचणी म्हणजे वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतले कोडे ठरते.

चाचणीच्या बांधणीत दोष काढणे अवघड आहे. प्रश्नांची भाषा साधी आहे, पर्याय फसवे नाहीत, आणि ‘खात्री नाही’ असे उत्तर देण्याची मुभा सर्वेक्षणात दिलेली असल्यामुळे अंदाजाने मारलेल्या तिरांना थोडा तरी आळा बसतो. २०१० चे सर्वेक्षण दूरध्वनीवरून झाले होते आणि २०१९ चे इंटरनेटवरून, शिवाय प्रश्नही बदलले होते. त्यामुळे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून ‘अज्ञान वाढले’ असा निष्कर्ष काढता येत नाही. अमेरिकेतील हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम उत्तरदात्यांची संख्या पुरेशी नसल्याने त्यांचे वेगळे सरासरी गुण दिलेले नाहीत. हिंदू किती गुण मिळवतात हे पाहण्याच्या उत्सुकतेने जो मराठी वाचक अहवाल उघडेल, त्याच्या हाती त्या बाबतीत काही लागणार नाही.

निकाल मात्र वाचण्याजोगे आहेत. ३२ पैकी सरासरी १४.२ उत्तरे बरोबर आली. ईस्टर हा सण येशूच्या पुनरुत्थानाचा आहे हे दहापैकी आठ जणांना ठाऊक होते, रमजान इस्लामचा पवित्र महिना आहे हे ६० टक्के लोकांना, आणि वेद हे हिंदूंचे ग्रंथ आहेत हे जेमतेम १५ टक्के लोकांना. याहून मोठा धक्का घरच्या गोष्टींबाबत बसतो. मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, अर्पण केलेली भाकर आणि द्राक्षारस प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात ही आपल्याच चर्चची शिकवण सुमारे निम्म्या कॅथलिकांना ओळखता आली नाही. केवळ विश्वासाने तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळते ही प्रोटेस्टंट पंथाची शिकवण आहे, हे प्रोटेस्टंटांची एवढी संख्या असलेल्या देशात पाचांपैकी एकालाच सांगता आले. ज्यूंनी सरासरी १८.७ आणि नास्तिकांनी १७.९ गुण मिळवले; २०१० मध्येही नास्तिक आणि अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारे) सर्वांत पुढे होते, आणि त्यांच्या अगदी मागे ज्यू व अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन पंथाचे लोक. जो गट संख्येने लहान असतो त्याला मोठ्या गटाची ओळख करून घ्यावीच लागते, आणि जो श्रद्धा सोडतो तो बहुधा ती तपासूनच सोडतो, असा याचा अर्थ मी लावतो. शिक्षण आणि अन्य धर्मांच्या माणसांशी असलेली ओळख, या दोन गोष्टींसोबत गुण वाढताना दिसतात, असेही अहवाल नोंदवतो.

इथवर सर्व ठीक होते. मग एका संध्याकाळी मी हे प्रश्न आईला मराठीत वाचून दाखवले, आणि या चाचणीचा माप कुठे आखूड पडतो ते लक्षात आले. आईचे सारे आयुष्य ठाण्यात गेले. त्या शहरात बेने इस्राएल ज्यूंची जुनी वस्ती आहे आणि १८७९ साली बांधलेले सिनेगॉग, म्हणजे त्यांचे प्रार्थनास्थळही आहे. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, केव्हा सुरू होतो, हा २०१० चा प्रश्न ऐकताच तिने ‘शुक्रवारी दिवेलागणीला’ असे उत्तर दिले. अमेरिकेत ते ४५ टक्के लोकांना आले होते, तेही वेळेसकट नव्हे, नुसत्या वारापुरते. पुढे २०१९ च्या यादीतला ‘रोश हशाना म्हणजे काय’ हा प्रश्न आला तेव्हा ती गप्प बसली. अमेरिकेत फक्त २४ टक्के लोकांना तो ज्यूंचा नववर्षदिन असल्याचे माहीत होते, त्यामुळे तिच्या चुकण्यात नवल नव्हते. परंतु उत्तर सांगताच ती म्हणाली, “अरे, म्हणजे त्यांचा नव्याचा सण! मग सरळ तसे विचार ना.” कोकणातल्या बेने इस्राएलांनी या सणाला शतकानुशतके नव्याचा सण असेच म्हटले, आणि शेजारणींनीही तेच नाव उचलले. आईला तो सण ठाऊक होता. प्रश्नपत्रिकेतले त्याचे नाव ठाऊक नव्हते. चाचणीच्या हिशेबी तिला शून्य गुण. मी मात्र रोश हशाना हा शब्द वाचनातून जाणतो आणि त्या घरांत कधी गेलेलो नाही. मला पूर्ण गुण.

भाषांतर करताना आणखी एक अडचण आली. तारणाविषयीच्या प्रश्नात मी प्रथम ‘मोक्ष’ हा शब्द वापरला, आणि आईने तत्काळ जन्ममरणाच्या फेऱ्याकडे मोर्चा वळवला, ज्याचा त्या प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही. मराठी ख्रिस्ती ‘तारण’ म्हणतात, पण तो शब्द वापरल्यावर तिला बँकेत ठेवलेले दागिने आठवले. ही चाचणी मराठीत आणायचे कुणी मनावर घेतले, तर त्याने शब्दकोशाआधी वसईच्या एखाद्या चर्चमध्ये जाऊन तिथली माणसे काय बोलतात ते ऐकावे.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप बौद्ध धर्मावरील प्रश्नाला आहे. बौद्ध धर्माच्या चार आर्यसत्यांपैकी एक कोणते, तर ‘दुःखाचे सत्य’, हे अपेक्षित उत्तर. अमेरिकेत ते पाचांपैकी एकाला आले. भारतातील बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक एकट्या महाराष्ट्रात राहतात, आणि त्यांतील बहुसंख्यांची धम्माशी ओळख १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपासून आणि बावीस प्रतिज्ञांपासून सुरू होते. त्या प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्ग आहे, दहा पारमिता, म्हणजे अंगी बाणवायचे सद्गुण, आहेत. आर्यसत्यांचा मात्र नामनिर्देश नाही. इतकेच नव्हे, तर ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत डॉ. आंबेडकरांनी चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीचा भाग आहेत की भिक्खूंनी नंतर घातलेली भर, असा थेट प्रश्न उपस्थित केला आहे, कारण त्यांच्यामुळे धम्म निराशावादी ठरतो असे त्यांचे म्हणणे होते. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला आणि ती प्रस्तावना वाचलेला माणूस या प्रश्नापुढे अडखळला, तर ते अज्ञान म्हणायचे का? ठरावीक ग्रंथ, संस्थापक आणि सूत्र अशा चौकटीत जो धर्म बसतो त्याच्यावर बहुपर्यायी प्रश्न काढणे सोपे जाते. हरिपाठ पाठ असलेल्या आणि वेदांचे पान कधी न उलटलेल्या वारकऱ्याचे धर्मज्ञान या चौकटीत कुठे नोंदवायचे, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

याच संस्थेचा २०२१ चा भारतावरील अहवाल या चाचणीला जोडून अवश्य वाचावा; तोही विनामूल्य आहे. सुमारे ३०,००० प्रौढांशी समोरासमोर बोलून तो तयार केला आहे, आणि त्यात गुण देण्याचा प्रकार नाही, विश्वास आणि शेजार यांविषयी विचारणा आहे. ८४ टक्के लोकांनी सर्व धर्मांचा आदर हा खरे भारतीय असण्याचा फार महत्त्वाचा भाग मानला. कर्मावर विश्वास असणाऱ्यांचे प्रमाण हिंदूंमध्ये ७७ टक्के निघाले आणि मुस्लिमांमध्येही नेमके तेवढेच. तरीही ६६ टक्के हिंदूंना आपण मुस्लिमांपेक्षा फार वेगळे आहोत असे वाटते, आणि ३६ टक्के हिंदूंना मुस्लिम शेजारी नको आहे. अमेरिकेत ओळखीसोबत गुण वाढताना दिसले होते. इथे तर बहुतेकांचे जवळचे मित्र स्वधर्मीयच आहेत.

चाचणी द्यायची असेल तर एकट्याने देऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सोबत घ्यावे, इंग्रजी प्रश्न आपल्या शब्दांत सांगावा आणि ‘चूक’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबून, त्यांना त्या गोष्टीचे दुसरे काही नाव माहीत आहे का, ते विचारावे. आईचे गुण मी अजून पक्के केलेले नाहीत. नव्याच्या सणाचा तो एक गुण तिला द्यायचा की नाही, यावर आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही.