190 पीएस आणि मुठीएवढं एक रबर : दीड वर्ष वापरल्यानंतर

स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही, ते सगळ्यांना पाठ असतं. टर्बो पेट्रोल हॅचबॅक, पॉवर पुढच्या चाकांना, सहा गिअर, हाताने टाकायचे, वजन 1230 किलो, कंपनीतून येताना 150 पीएस. आकडे सगळे पीएसमध्येच, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवरमध्ये देतोय, बीएचपीवरून भांडू नका. सेकंडहँड घेतली तेव्हा 61,000 किमी झाली होती, आता 85,000 झालीय. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात निम्मी चूक माझी आहे आणि ती मला नावासकट गाजवायची नाही.

लिहायला निमित्त पुढचे दोन टायर. 14,000 किमीत खलास. बाहेरून बघितलं तर नक्षी मस्त शिल्लक, आणि चाक वळवून आतल्या कडेला हात फिरवला तर तार बोटाला लागली. टायर मी फुकट घेतले नव्हते.

मागचं थोडं सांगतो. पहिले आठ महिने गाडी जशी आली तशीच चालवली आणि खरं सांगतो, त्या आठ महिन्यांत एकही तक्रार नव्हती. घाटात दुसरा-तिसरा गिअर, स्टिअरिंग हलकं पण काय चाललंय ते हाताला कळायचं, मागचा भाग इमानदारीत मागून यायचा. मग डोक्यात किडा शिरला. 150 म्हणजे काय हो, हल्ली घरची एसयूव्ही पण एवढी पॉवर देते. रिमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदललं. 190 पीएस, टॉर्कही (चाक फिरवणारा जोर) तेवढ्याच प्रमाणात जास्त. पंधरा दिवस मी जमिनीवर नव्हतो. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची आणि मी एकटाच हसायचो.

सोळाव्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. जोरात पाय दिला की डावीकडे, सोडला की झटकन सरळ, ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात वळवळतंय. सर्व्हिस सेंटरला तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), तिन्ही वेळा पैसे, तिन्ही वेळा सगळे आकडे हिरवे असलेला छापील कागद हातात आणि वर ऐकवलं, "सर, पॉवर तुम्ही वाढवलीय ना, मग असंच होणार, याला टॉर्क स्टिअर म्हणतात." मला पण पटलं. दोन्ही बाजूच्या ड्राइव्हशाफ्टची (ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) लांबी वेगळी असली की असं होतं हे मी पण वाचलेलं, त्यामुळे मान डोलावून घरी आलो. ज्याला अर्धवट माहिती असते त्याला गंडवणं सगळ्यात सोपं, हे आपलं जाता जाता.

टायर बदलायला गेलो तिथे शेजारी एक वयस्कर मेकॅनिक होते, त्यांनी जुने टायर बघितले आणि न विचारता जॅक लावला. लोअर आर्म म्हणजे चाक गाडीला जोडणारा दांडा, त्याच्या मागच्या बुशमध्ये (सांध्यातलं रबर) पहार घालून नुसती दाबली, आणि अख्खा आर्म पुढे-मागे. बुशचं रबर आतून फाटलेलं. मी अलाइनमेंटचे तीन कागद दाखवले तर म्हणाले, "मशीनवर गाडी उभी असते. तुम्ही काय उभी चालवता का?"

त्या वाक्याने माझे दीड वर्षातले निम्मे गैरसमज धुतले. उभ्या गाडीत त्या बुशवर इंजिनाची ओढ नसते, ब्रेकचा धक्का नसतो, म्हणून कोन बरोबर दिसतात. पाय दिला की चाक पुढे ओढलं जातं, ब्रेक मारला की मागे ढकललं जातं, आणि बुश फाटलेलं असलं की चाक त्याबरोबर सरकतं आणि त्याचा कोन दर वेळी वेगळा होतो. म्हणजे मी 14,000 किमी टायर तिरके घासत फिरलो. रबर वयाने कडक झालेलं होतंच, 150 पीएसवरसुद्धा कधीतरी गेलं असतं, वाढलेल्या टॉर्कने फक्त घाई केली. नवीन बुश केवढ्याला पडलं माहितीये? एका टायरच्या चौथ्या हिश्श्याला. रिमॅपचा खर्च तर इथे लिहीतच नाही, घरचे वाचतात.

बुश बसवल्यावर पहिल्याच वळणावर कळलं. गाडी परत त्या आठ महिन्यांतली झाली. तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की हॉर्सपॉवर हे सगळं थोतांड आहे, आणि हा रिव्ह्यू त्याच तावात लिहायला घेतला होता. 1976 ची पहिली गोल्फ जीटीआय घ्या, 110 पीएस आणि वजन साधारण 810 किलो. टनामागे 136 पीएस होतात. माझी 150 वाली टनामागे 122. 2017 ची स्विफ्ट स्पोर्ट 140 पीएसचीच, पण 975 किलोच्या आसपास, म्हणजे ती टनामागे 144 वर जाते. जे वजन नाहीच ते ब्रेकला थांबवावं लागत नाही आणि टायरला वळवावं लागत नाही. टोयोटाची 86 आली 2012 मध्ये, 200 पीएस आणि टायर 215 मिमी रुंदीचे, प्रियसवर पण मिळायचे तसले. तेव्हा मी पण हसलो होतो की स्पोर्ट्स कारला हायब्रिडचे टायर काय लावता. पण त्यांना पकड कमी ठेवून गाडी कमी स्पीडला सरकवता यायला हवी होती. आता कळतंय.

हे इथवर लिहून दोन आठवडे तसंच पडलं होतं. दरम्यान मत थोडं बदललं.

कारण रिमॅपवाल्याने दोन्ही फाइल दिल्या होत्या, तर मी जुनी 150 वाली परत टाकून तोच घाट, तीच वेळ, तेच टायर असं करून बघितलं. चढावर सरळ पट्ट्यात 190 ची आठवण आली, खोटं कशाला बोलू. ट्रकला ओव्हरटेक करताना तो जास्तीचा जोर म्हणजे सुरक्षितताच आहे. पण तीव्र वळणातून बाहेर पडताना दोन्ही फाइलमध्ये काडीचा फरक नाही, कारण साधा डिफरेन्शियल (ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरसंच) आहे, आतलं चाक हलकं होतं आणि जादाचे 40 पीएस तिथेच फिरून जळतात. फोर्डने 2009 च्या फोकस आरएसमध्ये 305 पीएस पुढच्याच चाकांना दिले होते, पण त्यासाठी पुढचं सस्पेन्शन वेगळं बनवलं आणि लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल घातला, जो हलक्या चाकाला नुसतं फिरू देत नाही. म्हणजे पॉवर दोषी नाही, ती पेलायला खाली काय ठेवलंय ते बघायचं. माझ्या खाली फाटकं रबर होतं. डिफरेन्शियलची किंमत मी विचारली आणि फोन ठेवला.

ब्रेकचं पण सांगायचं राहिलं. 190 मध्ये दोन वळणांच्या मध्ये जिथे 100 ला पोचायचो तिथे 120 दिसायला लागले, आणि 100 च्या ऐवजी 120 वरून थांबवायचं म्हणजे ऊर्जा 44 टक्के जास्त. उतरताना पेडल स्पंजासारखं झालं एकदा, घाम फुटला. ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत नेणारं द्रव, जुनं होतं आणि उकळलं की पेडल असं नरम पडतं. डॉट 4 हा फ्लुइडचा ग्रेड, नवीन असताना किमान 230 अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी 3.7 टक्क्यांवर गेलं की तोच आकडा 155 वर येऊ शकतो. पॉवर वाढवणाऱ्याने मला फ्लुइडबद्दल एक शब्द विचारला नव्हता, मी पण त्याला विचारला नव्हता. बदललं, पेडल ठणठणीत.

सध्या गाडीत 190 चीच फाइल आहे. तत्त्व वगैरे काही नाही, पैसे दिलेत म्हणून. मायलेज गेलं ते गेलं.

अजून एक. बुश बदलताना मेकॅनिककाका म्हणाले होते, दोन्ही बाजूंची एकदम बदला. मी म्हटलं उजवीकडचं बरं दिसतंय, राहू दे, कशाला उगाच खर्च. काल ब्रेक मारताना उजवीकडून टक् असा आवाज आला. शनिवारी जातोय. बुशचे पैसे वेगळे आणि अलाइनमेंटचे पाचव्यांदा.