क्लिफर्ड ब्राउनचा 'स्टडी इन ब्राउन': ट्रम्पेट ऐकायचा तर असा

जॅझ ट्रम्पेटवादक ब्राउनची १९५५ची ही मोनो (एकाच ध्वनिवाहिनीची) ध्वनिमुद्रिका. ड्रमवर मॅक्स रोच, टेनर सॅक्सोफोनवर हॅरोल्ड लँड.

सुरुवात यातल्या 'चेरोकी' या रचनेपासूनच करा. ६४ मात्रांची नव्हे, ६४ बारची (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) रचना, तीही अतिद्रुत लयीत. मधल्या भागात स्वरकेंद्र बी, ए, जी असं एकेक पूर्णस्वर खाली उतरतं. बी-फ्लॅट ट्रम्पेटसाठी सूर एक पूर्णस्वर वर लिहितात; म्हणून त्यावर बी मेजर म्हणजे लिहिताना सी-शार्प, सात शार्प (अर्धस्वर चढे सूर)! तिथे बोटं अडखळतात आणि अनेक वादक पाठ केलेली वळणं वाजवून सुटका करून घेतात. ब्राउन मात्र तिथेही नवी ओळ रचतो, आणि ती पुढच्या सुरात अलगद उतरते.

त्याचं खरं वैभव जिभेत, म्हणजे जिभेने स्वर सुटे करण्यात आहे. वेगात ट्रम्पेटचे स्वर एक तर चिकटतात किंवा टोचतात. जीभ जड पडली की हवेचा प्रवाह तुटतो, आणि स्वर पातळ होतो. ब्राउनची जीभ हलकी, हवा अखंड. म्हणून प्रत्येक स्वर सुटा, तरी गोल. वरच्या सप्तकात गेला तरी नाद किंचाळत नाही. कंप (स्वराची थरथर) राखून ठेवतो, बहुधा लांब स्वराच्या शेपटीलाच.

'सँडू' हा त्याचाच १२ बारचा ब्लूज (जॅझमधला एक ठरलेला साचा), ई-फ्लॅटमध्ये. नवशिक्यांनी ऐकून वाद्यावर उतरवून घ्यायला हाच घ्यावा: आधी गाऊन, मग अर्ध्या वेगात.

बास जरा दबलेला वाटतो. हेडफोनवर बरा ऐकू येतो.