डिजिटल सही काढताय? माझे 6,500 गेले, तुमचे वाचवा

सोलापुरातले टेंडर भरणारे, नीट वाचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, महाटेंडरवर, म्हणजे राज्य सरकारच्या टेंडरच्या वेबसाइटवर, भरायला क्लास 3 ची डिजिटल सही लागते म्हणून एका एजंटकडं गेलो. साइन (सही करायला) आणि एन्क्रिप्शन (टेंडर कुलूपबंद करायला) दोन्ही, 3 वर्षं, टोकनसकट (सही ज्यात ठेवतात ते यूएसबी) 6,500 रुपये. पैसे लगेच घेतले, पावती "नंतर देतो की मालक". ती अजून यायचीय. पावतीशिवाय एक रुपया सोडू नका.

आता जिथं डोकं फिरतं ते सांगतो. फॉर्म त्यानंच भरला, ओळख पटवायचा व्हिडिओ त्याच्याच मोबाईलवर, मी पॅन कार्ड धरून नाव सांगितलं आणि माझ्या फोनला ओटीपी आलाच नाही! फोन खिशातच होता. मी विचारलंपण, ओटीपी कसा नाही आला ओ? तर म्हणे आमच्या पॅनलला डायरेक्ट येतो. दुकानात ही गर्दी, पोरगं चटाचटा बोलतंय, भल्याभल्यांना खरं वाटलं असतं. मोबाईल नंबर, ईमेल दोन्ही स्वतःचे टाकले होते पठ्ठ्यानं. टोकनपण "राहू द्या, टेंडर भरायला लागतंयच" म्हणून त्याच्याकडंच.

पुढच्या वर्षी टेंडरच्या शेवटच्या दिवशी लॉगिन होईना. सहीचं सर्टिफिकेट एक्स्पायर! 1 वर्षाचंच काढलेलं. वर रिन्यूला 3,800 मागतोय. भांडून टोकन आणलं तर पिन 12345678. वर्षभर माझी सही त्याच्या ड्रॉवरमध्ये, कुठं कुठं मारली देव जाणे, आणि आयटी कायद्यानं तिला कागदावरच्या सहीइतकीच किंमत.

सर्टिफिकेट देणारी कंपनी म्हणते रजिस्टर्ड नंबरवरून कॉल करा. अहो तो नंबर त्या चोराचा आहे, तेच तर सांगतोय! पोलिसांत गेलो तर ठाण्यातले म्हणतात हे सायबरचं, सायबरवाले म्हणतात पैसे तुम्हीच दिलेत, ग्राहक आयोगात जा. अर्जात टोकनचं "पेनड्राइव्ह" केलं साहेबांनी. आयटी कायद्याचं 66 सी कलम सांगितलं, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीनं वापरली तर 3 वर्षांपर्यंत कैद, तर म्हणे वापरल्याचा पुरावा आणा. कुठनं आणू? सही कुठं लागली ते टोकनात दिसतं का? मग तुम्ही कशाला बसलाय तिथं?

ओटीपी स्वतःच्या फोनवर आला नाही तर उठून चालायला लागा. आणि तुमचं टोकनपण सीएच्या ऑफिसात पडलंय ना? आजच घेऊन या, पिन बदला, सर्टिफिकेटात 'व्हॅलिड टू' पुढची तारीख बघा.