स्टीम लाईनवर कंट्रोल व्हॉल्व्ह बसवणारी टोळी: बोलवावी का?

अंधेरी एमआयडीसीतल्या एका युनिटमधलं हे काम: वाफेचा प्रवाह कमी-जास्त करणारा २ इंची, क्लास ३०० या दाब-श्रेणीचा ग्लोब व्हॉल्व्ह. काम मनापासून आवडलं. दोन्ही बाजूंचे आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करून कुलूप, ड्रेन उघडून गेजवर शून्य, आणि मगच पाना हातात. व्हॉल्व्हच्या जागी आधी तात्पुरता स्पूल (पाइपचा तुकडा) जोडून लाईन फुंकून काढली. हे टाळलं तर वेल्डिंगची खपली सीटमध्ये (व्हॉल्व्ह बंद होताना प्लग जिथे टेकतो तिथे) अडकते, प्लगवर चरा उठतो आणि बंद व्हॉल्व्हही पाझरत राहतो.

उचलताना पट्टा बॉडीला, ॲक्च्युएटरला (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या वरच्या भागाला) नाही. जोडात नवं स्पायरल वाउंड गॅस्केट (गळती रोखणारी चकती) घालून ८ बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळले. फ्लँज (जोडाची बोल्टची कडी) जुळेना तेव्हा बोल्टने ओढला नाही, सपोर्ट सरकवून पाइप सरळ केला. असे फिटर कमीच.

एक खोट मात्र आहे. पोझिशनरच्या (व्हॉल्व्ह किती उघडायचा ते हवेच्या दाबाने सांभाळणाऱ्या उपकरणाच्या) केबलची ग्लँड (केबल आत शिरते तो जोड) वरच्या तोंडाने ठेवली. मुंबईच्या पावसात पाणी थेट आत! ग्लँड खाली वळवून केबलला झोल द्यायला लावा. पोझिशनरला जाणारी हवेची नळीही हेडरच्या (हवेच्या मुख्य पाइपच्या) माथ्यावरूनच घ्या, तळातून घेतली की साचलेलं पाणी पोझिशनरमध्ये उतरतं.