शहापूरची भिशी आणि मुदतीआधी फिटलेले गृहकर्ज

बेळगावच्या शहापूर भागात आमच्या गल्लीत चालणाऱ्या भिशीमुळे गृहकर्ज मुदतीआधी फिटले, म्हणून हा अभिप्राय. 20 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, तर सुमारे 18,000 रुपयांच्या पहिल्या हप्त्यातले 15,000 रुपये व्याजातच जातात. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात भरलेली जादा रक्कम सर्वांत फायद्याची ठरते. भिशी लागली की ती रक्कम थेट कर्जखात्यात जायची आणि शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी हक्काने पावती पाहायला मागायच्या. हा प्रेमळ धाक मला फार मोलाचा वाटतो. अर्थात, अशी भिशी निव्वळ विश्वासावर चालते, तेव्हा शब्दाला जागणाऱ्या ओळखीच्या माणसांतच ती लावावी.

बँकेने मात्र न विचारताच मुदतीऐवजी हप्ता कमी केला. व्याज जास्त वाचते ते मुदत घटल्याने, म्हणून तसे लेखी द्यावे लागले. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला आकारता येत नाही. पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे मिळायला हवीत, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दररोज 5,000 रुपये भरपाई मिळते. कागदपत्रे हाती येताच मालमत्तेच्या उताऱ्यावरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंदही काढून घ्यावी.