बोअरच्या आधीचं विद्युत सर्वेक्षण: साडेसहा हजारांत काय मिळतं

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

कळमेश्वरकडे आमची संत्र्याची बाग आहे. मी राहते नागपुरात, बाग दीर सांभाळतात. मार्च उलटला की विहीर तळ दाखवते आणि नेमकी तेव्हाच आंबिया बहाराची फळं झाडावर असतात, म्हणून बोअर मारायचं ठरलं. तळहातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्याबद्दल दीरांचं मत ठाम होतं: "वहिनी, नारळवाल्यालेच बोलवू. पाणी लागलं तरच पैसे घेते तो, नाई तं नाई."

सौदा ऐकायला सरळ वाटतो. पण मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे मला त्यात आधी संभाव्यता दिसते. समजा एखाद्या शिवारात कुठंही बोअर मारला तरी दहातल्या सातांना थोडंफार पाणी लागतंच. मग पाणाड्याला काहीही येत नसलं तरी सात जण त्याला पैसे देणार, गावभर नाव करणार, आणि उरलेले तिघे नशिबाला बोल लावून गप्प बसणार. त्याच्या यशाची तुलना करायची ती शून्याशी नाही, त्या सातांशी. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये ही तुलना खरोखर केली गेली. सुमारे पाचशे पाणाड्यांतून ४३ निवडले, एका दुमजली कोठारात त्यांना वरच्या मजल्यावर ठेवलं आणि खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप जागा बदलत फिरवला. काहींना खरंच कळतं, असं प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केलं. जेम्स एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा ते निव्वळ अंदाजपंचे सांगण्याहून वेगळे निघाले नाहीत. दीरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "जर्मनीतला नारळ वेगळा असन."

तर आम्ही भूवैज्ञानिक बोलावले. फी ठरलेली: साडेसहा हजार आणि गाडीखर्च, पाणी लागो न लागो. मला हेच आवडलं. बोअर मारणाऱ्या रिगवाल्याची कमाई फुटावर असते, त्यामुळे तो "अजून शंभर फूट मारू" असंच म्हणणार. या माणसाला खोलीत काही रस नव्हता.

पद्धत श्लुंबर्जे नावाची आहे. कॉनरॅड श्लुंबर्जे या फ्रेंच माणसाने १९१२ च्या सुमारास जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजण्याचे प्रयोग सुरू केले, तीच ही. एका ओळीत चार सळ्या ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघींमधला व्होल्टेज मोजायचा. बाहेरच्या सळ्या जसजशा लांब न्याव्या, तसतसा प्रवाह खोल उतरतो. माती इतकी कोरडी होती की मदतनीस प्रत्येक सळीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतत होता. तारेचं कुंपण टाळण्यासाठी पहिली ओळ मोडून झाडांच्या मधल्या रांगेतून दुसरी धरली. प्रत्येक वाचनाला एका गुणकाने गुणून आलेला आकडा त्यांनी डबल-लॉग (दोन्ही अक्षांवर लॉगची मोजपट्टी असलेल्या) कागदावर मांडला. लॅपटॉप गाडीत होता, पण शेतात ते कागदच काढतात.

आपल्याकडचा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नागपूर त्याच्या पूर्व काठावर आहे. शहराच्या पूर्वेला गेलं की दगडच बदलतो आणि तोच आकडा वेगळा अर्थ सांगू लागतो. आमच्या भागात एका थरावर दुसरा थर: प्रत्येकाचा मधला भाग काळा, घट्ट, कोरडा, माथा सच्छिद्र, त्यात पाणी मुरतं. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे लाल चिकण मातीचा पट्टा असतो. त्याला रेड बोल म्हणतात. तो ओला असतो, पण पाणी सोडत नाही.

आणि इथे मला पैसे वसूल झाले. आलेखात खोलवर एक खोलगट भाग आला. ते म्हणाले, "मॅडम, हा थर बारा मीटर जाड आणि ३० ओहम-मीटर रोधाचा असू शकतो. किंवा सहा मीटर जाड आणि १५ चा. जाडीला रोधाने भागा." मी भागलं: दोन्हीकडे ०.४. कठीण दगडात दबलेल्या अशा पातळ थराचा आलेख जवळजवळ त्या भागाकारावरच ठरतो, म्हणजे दोन्ही उत्तरं एकाच वक्रात बसतात. पहिलं खरं असेल तर पाणी, दुसरं असेल तर बहुधा लाल माती. एका समीकरणात दोन अज्ञातं असली की काय होतं हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगितलं, पण त्याची किंमत फुटाच्या भावाने कधी मोजली नव्हती.

मग ते उठून बांधापलीकडच्या शेतकऱ्याकडे गेले. त्यांच्या बोअरला किती फुटांवर कोणत्या रंगाची भुकटी निघाली होती, हे खोदून खोदून विचारलं. राखी, त्यात पांढरे ठिपके. म्हणजे सच्छिद्र दगड. तेव्हा कुठे ते म्हणाले: शंभर ते एकशेचाळीस फुटांत पाण्याची शक्यता तीनास एक (म्हणजे चारांत तीन वेळा लागणार), एकशेपासष्टपर्यंत काही नाही लागलं तर थांबा.

रिग रात्री आली. एकशेबारा फुटांवर भुकटी ओली झाली, एकशेतिसाच्या आसपास थोडी लालही निघाली, पण पाणी टिकलं. एका बोअरवरून पद्धत सिद्ध होत नाही, हे दीर सध्या ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत; ते आता गावभर या भूवैज्ञानिकांचीच जाहिरात करताहेत.

रिगवाला म्हणाला, "अडीच इंच पाणी." सर्वेक्षणवाल्यांनी दिलेल्या काटकोनी व्ही-नॉचच्या (व्ही आकाराची खाच असलेल्या) पत्र्यावर ते दोन इंच उंच भरलं. अर्ध्या इंचाने काय बिघडतं? नॉचमधला प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घातात वाढतो. दोन इंच म्हणजे तासाला २,९०० लिटरच्या आसपास, अडीच म्हणजे पाच हजार. त्या भरवशावर मोटार घेतली असती तर बोअर उपसून ती कोरडी फिरली असती.

आता कापलेला तारा. आठवड्याने अहवाल आला, पूर्ण इंग्रजीत. ते एक वेळ ठीक. पण त्यात थराची खोली ३१.७४ मीटर! ज्या माणसाने बांधावर उभं राहून मला दोन उत्तरं समजावली, त्याच्याच कागदावर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत एकच उत्तर. तीनास एक कुठेच नाही. फोन केला तर म्हणाले, सॉफ्टवेअर तसंच छापतं आणि गिऱ्हाइकाला एकच आकडा हवा असतो. दुसरं त्यांचं खरंही असेल. तरी शेतात जे बोलतात ते त्यांच्याकडून कागदावर हाताने लिहून घ्या.

नागपुरातल्या बेसा-बेलतरोडीच्या प्लॉटवाल्यांनी यात पैसे घालू नयेत. सळ्या पसरायला दीड-दोनशे मीटर मोकळी सरळ ओळ लागते, आणि जमिनीतले नळ, केबल, अर्थिंग वाचन नासवतात. तिथे शेजारच्या चार बोअरची खोली विचारून घेणं जास्त उपयोगाचं, आणि फुकट.