स्वस्त पेमेंट गेटवेच्या नावाखाली भाड्याची खाती: सेवा-ॲप चालवणाऱ्यांची फसवणूक कशी होते

प्लंबर, ब्यूटिशियन, एसी दुरुस्तीवाले, शिकवणी घेणारे यांना ग्राहक मिळवून देणारं छोटं ॲप सुरू झालं की थोड्याच दिवसांत टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर एखादा एजंट गाठतो आणि स्वस्त पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणारी सेवा, देऊ करतो. कार्डावर पाऊण टक्का, यूपीआय फुकट, केवायसी एका दिवसात, पैसे त्याच संध्याकाळी खात्यात. अधिकृत गेटवे कार्डावर साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतो, म्हणजे १,००० रुपयांमागे २३ रुपये ६० पैसे. शिवाय वेबसाइटवर रिफंडचे नियम दिसत नाहीत म्हणून तो अर्ज परतही पाठवतो. त्यामुळे नवा उद्योजक एजंटकडे वळतो. पण कार्डाच्या शुल्कातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. पाऊण टक्क्यात क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याची कमाई शुल्कातून होतच नाही, ती दुसरीकडून होते.

सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. रोज पैसे येतात, म्हणून हळूहळू सगळी बुकिंगं त्याच लिंकवर वळवली जातात. मग एक दिवस सेटलमेंट, म्हणजे जमा झालेले पैसे तुमच्या खात्यात येणं, थांबतं. ‘रिस्क रिव्ह्यू’ चालू आहे असं सांगतात, १० टक्के राखीव ठेव मागतात, आणि ती भरली की आणखी एखादी फी निघते. सणासुदीत, बुकिंग सर्वांत जास्त असताना हे घडलं तर अडकलेली रक्कम मोठी असते. त्यातला बराचसा भाग ज्यांनी काम आधीच करून दिलंय त्या कारागिरांचा असतो.

पैसे बुडणं हा यातला निम्माच तोटा. या ‘गेटवे’मागे बहुतेक वेळा भाड्याने घेतलेली करंट खाती असतात. कुणाला महिन्याला चार पैसे देऊन त्याचं खातं, सिम आणि नेटबँकिंग ताब्यात घेतलेलं असतं. त्याच खात्यात बेटिंगचे आणि बनावट गुंतवणूक योजनांचे पैसेही येतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आय-फोर-सी या सायबर गुन्हे केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा बेकायदा गेटवेंबद्दल जाहीर इशारा दिला होता. गुंतवणुकीत फसलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, तेव्हा बँका त्याचे पैसे खात्यामागून खातं असे शोधत जातात. तुम्हाला मिळालेलं सेटलमेंट त्याच साखळीत असेल, तर तुमच्या खात्यावर लिन लागतो, म्हणजे तेवढी रक्कम काढता येत नाही, किंवा सगळं खातंच गोठवलं जातं. तिथून तुम्ही प्लंबरला १,२०० रुपये पाठवले असतील तर त्याचंही खातं अडकू शकतं. ज्याचं घर रोजच्या कमाईवर चालतं, त्याच्यावर ही वेळ आपल्यामुळे येते.

हे सगळं आधी ओळखता येतं. एक रुपयाचं पेमेंट करून पाहा आणि पिन टाकण्याआधी स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव काय येतं ते वाचा. तिथे तुमच्या फर्मचं किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या कंपनीचं नाव हवं. ‘अमुक ट्रेडर्स’ किंवा कुणा व्यक्तीचं नाव आलं आणि दोन दिवसांनी ते बदललं, तर तिथेच थांबा. पैसे भरल्यावर ग्राहकाला १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) टाकायला लावत असतील तर संशय उरतच नाही. खऱ्या गेटवेला बँकेकडून थेट कळतं, त्याला ग्राहकाकडून नंबर मागावा लागत नाही. सेटलमेंट आलं की बँक स्टेटमेंटमध्ये पाठवणाऱ्याचं नावही पाहा. परवानाधारक पेमेंट ॲग्रिगेटरला (व्यापाऱ्यांच्या वतीने ग्राहकांकडून पैसे गोळा करणाऱ्या कंपनीला) व्यापाऱ्यांचे पैसे शेड्यूल्ड व्यापारी बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्यासाठीच राखून ठेवलेल्या वेगळ्या खात्यात, ठेवावे लागतात आणि ते स्वतःच्या धंद्यात वापरता येत नाहीत. एजंटने तोंडाने ‘एस्क्रो’ म्हटलं तर बँकेचं आणि खातेधारकाचं नाव लेखी मागा.

रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर ॲग्रिगेटरांची यादी आहे. त्यात कंपनीचं नोंदणीकृत नाव शोधा, ब्रँडचं नाही. परवानगी मिळालेले वेगळ्या तक्त्यात असतात आणि ज्यांचे अर्ज परत गेले ते वेगळ्या. एजंट दुसऱ्या तक्त्याचा फोटो पाठवतात, म्हणून वरचं शीर्षक वाचायला विसरू नका. जीएसटी नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, आयएसओ हे काहीही परवान्याच्या जागी चालत नाही. ‘आम्ही मोठ्या गेटवेचे पार्टनर आहोत’ असं सांगितलं तर करार त्या गेटवेशीच व्हायला हवा आणि मर्चंट आयडी (गेटवेने व्यापाऱ्याला दिलेला ओळख क्रमांक) तुमच्या फर्मच्या नावाने हवा. दुसऱ्याच्या आयडीवर तुमचे व्यवहार चालवणं हाही याच फसवणुकीचा प्रकार आहे. आणि एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून थेट टाकायचं ॲप) इन्स्टॉल करायला सांगितली तर करू नका, तिच्यातून ओटीपी पळवले जातात.

सर्व पैसे आधी स्वतःच्या करंट खात्यात घेऊन महिनाअखेरीस कारागिरांना वाटायचे, हाही मार्ग नको. दुसऱ्यांसाठी पैसे गोळा करणं हे ॲग्रिगेटरचंच काम आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० च्या नियमांत मार्केटप्लेसना ते काम वेगळं काढायला सांगितलं होतं. परवानाधारकाकडे स्प्लिट सेटलमेंट, म्हणजे प्रत्येक पेमेंटची तिथल्या तिथे वाटणी, मागा. प्रत्येक कारागिराचं खातं केवायसी करून जोडलं जातं. १,००० रुपयांच्या बुकिंगवर १५ टक्के कमिशन असेल तर १५० रुपये आणि त्यावरचा २७ रुपये जीएसटी तुमच्याकडे येतो, बाकीचे पैसे थेट त्याच्या खात्यात जातात. काम पूर्ण होईपर्यंत हस्तांतरण होल्डवर ठेवता येतं का, हे करार करण्याआधीच विचारा. सेवा-व्यवसायात रिफंडची बरीच भांडणं तिथेच मिटतात.

अडकला असाल तर लिंक त्याच तासाला बंद करा आणि १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूटीआर, पैसे घेणाऱ्या बदलत्या नावांचे स्क्रीनशॉट आणि एजंटशी झालेलं चॅट एक्सपोर्ट करून जपा. चॅट सगळ्यात आधी घ्या, कारण टेलिग्रामवर समोरचा ते तुमच्या बाजूनेही पुसू शकतो. खातं गोठलं असेल तर बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, आणि वादातली रक्कम. मग तपास अधिकाऱ्याला प्रत्येक व्यवहाराचं बिल, बुकिंगची नोंद आणि काम करणाऱ्याचा तपशील पाठवा, आणि लिन फक्त वादातल्या रकमेपुरता ठेवावा अशी विनंती करा. ज्या कारागिरांची खाती अडकली त्यांना हीच कागदपत्रं तुमच्या लेटरहेडवर द्या, त्यांच्याकडे दुसरा पुरावा नसतो. याच काळात ‘एनओसी (खातं मोकळं करायचं ना-हरकत पत्र) मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन येऊ लागतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका. त्यांचे नंबरही त्याच तक्रारीत जोडा.